सिलिॲक आजार आणि आपली पंगत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत मला बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा मी काहीसा संकोचलो. मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी. परंतु ज्या विषयावर आज बोलणार आहे, तो गेली सहा वर्षे आमच्या घरात दोन्ही वेळच्या चुलीशी निगडित आहे. तेवढ्याच अधिकाराने चार शब्द आपल्यापुढे ठेवतो.

सिलिॲक हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेही नसेल. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था या ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. हल्ल्यात तेच झिजून सपाट होतात. सोलापूरकरांना हे समजावून सांगणे मला फार सोपे जाते. नवा टर्किश टॉवेल पाणी शोषतो, कारण त्यावर सुताचे उभे फासे असतात. ते फासे गेलेला टॉवेल अंगावरून कितीही फिरवा, पाणी तसेच राहते. आतड्याचे नेमके हेच होते. माणूस पोटभर जेवतो आणि उपाशी राहतो.

जगात साधारणपणे शंभरात एका व्यक्तीला हा आजार असतो असे मानतात. आपल्या देशात दक्षिणेपेक्षा उत्तरेकडे त्याचे प्रमाण अधिक आढळले आहे. तिकडील आहारात गव्हाचा असलेला मोठा वाटा हे त्याचे एक कारण सांगितले जाते. तो संसर्गजन्य नाही. त्याची प्रवृत्ती मात्र अनुवंशाने येते.

आमची नात सात वर्षांची असताना तिची उंची वाढेनाशी झाली. चेहरा पांढुरका, पोट फुगलेले, दोन घासांत जेवण संपलेले. लोहाची औषधे दीड वर्ष झाली, जंतांची झाली, दृष्ट काढूनही झाली. हिमोग्लोबिन मात्र जागचे हलेना. अखेर एका बालरोगतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ताची चाचणी करवून घेतली. ती सदोष आली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला आणि निदान पक्के झाले. त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा सर्वांचीच रक्ततपासणी सुचविली. रुग्णाच्या सख्ख्या नात्यात दहांतील एखाद्याला हा आजार निघू शकतो. आमच्याकडे तो मुलाला, म्हणजे तिच्या वडिलांना निघाला. त्याला पोटाची तक्रार कधीच नव्हती, तोंड मात्र वरचेवर येत असे. औषधांना दाद न देणारा पंडुरोग, वयाच्या मानाने ठिसूळ झालेली हाडे, न वाढणारी उंची, कधीकधी अपत्य न होणे, अशा कितीतरी वेशांत हा आजार येतो. म्हणून तो लवकर ओळखू येत नाही.

येथे एक सूचना आवर्जून करतो. संशय आला म्हणून आधी गहू सोडू नका. आधी तपासणी करा. गहू बंद केल्यानंतर रक्तातील खुणा ओसरू लागतात आणि निदान अवघड होऊन बसते.

गव्हाचा हा दोष जगाला कळला तोही अलीकडेच. इंग्लंडमधील सॅम्युअल गी या डॉक्टरांनी 1888 साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, पण कारण कोणास ठाऊक नव्हते. पुढे अमेरिकेत सिडनी हास यांनी 1924 मध्ये अशा मुलांना केळ्यांचा आहार सुरू केला. मुले सुधारली, आणि श्रेय केळ्यांना मिळाले. वस्तुतः ताटातून पाव गेला होता, त्याचा तो गुण होता. ते कोडे सोडविले हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांचा गव्हावर युद्धापूर्वीपासूनच संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि सारी प्रजा उपासमारीने खंगत असताना ही आजारी मुले मात्र सावरली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध 1950 साली प्रसिद्ध झाला. इतकी दशके लोटली, तरी यावरचे औषध अजून तेच आहे : ग्लुटेनचा आजन्म त्याग.

आता घरातील गोष्टी.

पहिला प्रश्न आला गिरणीचा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात ज्वारीला काय तोटा? मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी तर पक्वान्नाच्या तोडीची. पण ज्या जात्यातून दिवसभर गहू उतरतो, त्यातून दळलेली ज्वारी ही निव्वळ ज्वारी राहत नाही. कापडात भेसळ असेल तर धागा जाळून वासावरून मी सांगू शकतो. पिठातील गहू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. आपल्यातील ज्या घरांत पिठाची मर्यादा पाळतात, म्हणजे पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस, त्या घरांत बहुधा घरघंटी असतेच. आमच्याकडेही होती. तिच्यातून गहू दळला जात असल्याने ती आम्ही काढून टाकली, नवी घेतली, आणि तिच्यात गव्हाला कायमची बंदी केली. आता गहू बाहेरून दळून येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ घरी. ताजे पीठ असल्याने भाकरीही मोडत नाही. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापणे किती कठीण, हे येथील भगिनींना मी काय सांगावे!

त्यानंतर चाळणी, परात, पोळपाट, लाटणे आणि तवा वेगळा झाला. लाकडाच्या पोळपाटात पीठ मुरून बसते, ते धुऊन जात नाही. सूनबाईंनी नियम घातला की नातीची भाकरी आधी, घरच्या पोळ्या नंतर. पुरी तळलेल्या तेलात तिचा पापड तळायचा नाही. पोळीला तूप लावलेला चमचा तुपाच्या बरणीत परत जायचा नाही. बाहेरच्यांना हे सोवळ्याओवळ्यासारखे वाटते. पण पोळीचे चार कण रोज पोटात गेले, तरी आतड्याचे अस्तर भरून येत नाही.

गहू जेथे दिसतो तेथे टाळणे सोपे आहे. रवा, मैदा, दलिया, लापशी, चुरमा, बाटी, शेवया, खाकरा यांची ओळख लगेच पटते. फसवणूक होते ती अन्यत्र. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटात मूठभर असतो, सातूच्या पिठात असतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. दुधात घालावयाच्या अनेक पौष्टिक पुडींत जवाचा माल्ट असतो. आणि आपला हिंग! कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या स्वयंपाकात हिंगाशिवाय फोडणी होत नाही. बाजारातील बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. आम्ही तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधून आणतो. आणखी एक गैरसमज दूर करतो. खपली गहू पचायला हलका म्हणून या रुग्णांना चालतो, असे अनेकजण छातीठोकपणे सांगतात. खपली हाही गहूच आहे, त्यातही ग्लुटेन आहे, तो चालत नाही.

तयार मालाच्या वेष्टनावर ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणे आपल्या देशात बंधनकारक आहे, आणि ग्लुटेनमुक्त म्हणून विकावयाच्या पदार्थात एका किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. परंतु ग्लुटेनमुक्त म्हणजे जैन नव्हे. अशा पावांत आणि केकमध्ये बटाट्याचे सत्त्व असते, पुष्कळदा अंडेही असते. तेव्हा आम्हाला वेष्टन दोनदा वाचावे लागते, एकदा नातीच्या आतड्यासाठी आणि एकदा आपल्या आचारासाठी. प्रवासात तर सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, कंदमूळ नको आणि गहूही नको, असे सांगितल्यावर हॉटेलातील माणूस आपल्याकडे कसा पाहतो, त्याचे वर्णन न केलेले बरे. राजगिऱ्याचे लाडू, मुरमुरे, घरच्या नाचणीच्या वड्या आणि गूळ-शेंगदाणे असा डबा सोबत असल्याखेरीज आम्ही आता गाडीत पाऊल ठेवीत नाही. अलीकडे वजन उतरविण्याची फॅशन म्हणूनही काहीजण गहू सोडतात. त्यांचे त्यांना लखलाभ. त्यांच्यामुळे बाजारात माल वाढला हे खरे, पण खऱ्या रुग्णाची गणनाही लोक हौशी मंडळींत करू लागले आहेत.

पथ्य सुरू झाल्यावर काही महिन्यांतच नातीच्या चेहऱ्यावर रंग आला. आज ती तेरा वर्षांची आहे आणि उंचीत आपल्या आईच्या खांद्याला लागली आहे. मुलाला, म्हणजे तिच्या वडिलांना, अधिक वेळ लागला. प्रौढांचे आतडे सावकाश भरते. दोघांचे लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-बारा वर्षातून एकदा तपासून घेतो. आपण शाकाहारी असल्याने बी-बाराकडे तसेही लक्ष हवेच.

खरी अडचण घरात नाही, पंगतीत आहे. आपला समाज आग्रहाचा. एवढासा शिरा, एवढीशी जिलेबी, त्याने काय होणार आहे, असे प्रेमाने म्हणत ताटात वाढले जाते. सात-आठ वर्षांच्या मुलीने पाच मोठ्या माणसांना नाही म्हणावयाचे, आणि पुन्हा उद्धट ठरू नये, हे कसे जमावे? नियम म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला कळते? एखाद्याने बटाट्याचा त्याग केला असेल, तर आपण त्याला चुकूनही आग्रह करीत नाही, उलट हात जोडतो. या मुलांच्या त्यागालाही तोच मान द्यावा. फरक एवढाच की आपल्या तपाला पारणे असते, यांच्या पथ्याला ते नाही.

विवाहाच्या बाबतीत मी अधिक स्पष्ट बोलतो. हा आजार लपवून संबंध जुळविले जातात, विशेषतः मुलींचे. मग ती मुलगी सासरी पहिल्या दिवसापासून लापशी गिळते, आजारी पडते आणि सासरचे म्हणतात, नाजूक आहे. आमच्या नातीच्या परिचयपत्रात वेळ येईल तेव्हा ही गोष्ट पहिल्या पानावर असेल. ज्या घराला एक वेगळा तवा ठेवणे जड वाटते, त्या घराशी संबंध न झालेलाच बरा.

विश्वस्तांकडे माझी विनंती छोटी आहे. महोत्सवाच्या भोजनात एक शेगडी, एक तवा, एक कढई आणि दोन पातेली वेगळी ठेवावीत. त्यांवर भात, मुगाची आमटी, एक भाजी आणि ज्वारीच्या भाकरी सर्वांत आधी करून, झाकून, वेगळ्या टेबलावर ठेवाव्यात. वाढपी एकच असावा आणि त्याने पुरीला हात लावू नये. मिष्टान्नात बुंदीऐवजी काजूकतली केली तर तीही चालेल, कारण बाजारच्या बेसनाचा भरवसा देता येत नाही. भांड्यांचा आणि धान्याचा खर्च आमच्या पेढीकडून होईल. तीन कुटुंबांनी माझ्याकडे नावे दिली आहेत. आणखी कोणी असतील तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. सर्वांसमोर सांगण्याचा संकोच वाटत असल्यास दुकानी यावे, दुपारी दोन ते चार मी एकटाच असतो.

जय जिनेंद्र.