गॅसबत्तीचा मँटल आणि रंगाचं पाणी



वर्धापनदिनी विज्ञानावर बोला, असा निरोप आला तेव्हा आम्ही जरा बिचकलो. पण विषय घरातलाच आहे. आपल्यातली कितीतरी पोरं इचलकरंजीला सायझिंगमध्ये, प्रोसेसमध्ये कामाला जातात. कापड रंगवून उरलेलं पाणी कुठं जातं, हे पंचगंगेकाठच्या माणसाला काय सांगायचं?

जुन्या मंडळींना मिरवणुकीतली गॅसबत्ती आठवत असेल. तिचा मँटल म्हणजे थोरियमच्या क्षारात भिजवून वाळवलेली सुताची पिशवी. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जाई आणि त्याच विणीची पांढरी जाळी मागं उरे. बोट लागलं की खलास! आज सांगायची युक्ती तीच, फक्त धागा फार बारीक.

पी.व्ही.ए. हा पॉलिमर सायझिंगवाल्यांना ठाऊक आहे. ताण्याच्या सुताला खळ देताना वापरतात तो. तो पाण्यात विरघळवून त्यात जस्ताचा क्षार, झिंक अ‍ॅसिटेट, मिसळायचा. हे द्रावण बारीक सुईतून सोडायचं आणि सुई व समोरचा पत्रा यांच्यात १०-२० हजार व्होल्टचा दाब ठेवायचा. थेंब ताणला जाऊन त्याचा तंतू होतो. जाडी काहीशे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटरचा असतो. पत्र्यावर जमलेली चादर भट्टीत सुमारे ५०० अंशांवर भाजली की पॉलिमर जळून जातो आणि झिंक ऑक्साईडचे कण माळेसारखे तंतूच्या आकारात राहतात. कॅलामाईन लोशनमधली पांढरी पूड, तीच ही.

या कणांवर उन्हातले अतिनील किरण पडले की आतला इलेक्ट्रॉन उसळतो, पाण्यात अतिशय तिखट असे हायड्रॉक्सिल कण तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात. नुसती पूड टाकली तर ती गोळा होते, परत गाळून घेणंही जिकिरीचं. तंतूंच्या जाळीला पाणी सगळीकडून भिडतं. आपल्या शिवाजी विद्यापीठातही झिंक ऑक्साईडवर काम झालंय. तिथं द्रावण तापलेल्या काचेवर फवारून पातळ थर करतात.

पण आम्ही भुलवणार नाही. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. गडद पाण्यात तो आत शिरतच नाही. पाणी आम्लधर्मी असलं तर जस्तच विरघळून पाण्यात उतरतं. शिवाय रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं मुळीच नाही. रंगाचे तुकडे उरू शकतात, मीठ तर जसंच्या तसं राहतं. प्रयोगशाळेतल्या पेल्यात जमलं ते प्रोसेसच्या टाकीत जमवणं, हे खरं अवघड काम. तिथं आपली शिकलेली पोरं हवीत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

मघाशी एका वहिनींनी विचारलं, ही जाळी घरच्या हंड्यात टाकायची का? नाही वहिनी. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, ती रंगामुळं नव्हे. तो रोग मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. त्यामुळं हंड्यातलं पाणी चांगलं उकळूनच प्यायचं, आणि रंगाच्या पाण्याचा हिशेब कारखान्याच्या दारात मागायचा.