विसर पडतो तेव्हा मेंदूत काय होतं?

 

आज आपण अशा एका आजाराबद्दल बोलणार आहोत, ज्याला आपल्याकडे आजार म्हणतच नाहीत. 'म्हातारचळ लागलाय' म्हणतात, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसून सोडून देतात.

तुम्ही हे पाहिलं असेल. सासूबाई आत्ताच जेवून उठल्या आणि शेजारणीला सांगतात, 'सुनेनं सकाळपासून तुकडा दिला नाही.' पैशाचा बटवा त्यांनीच पिठाच्या डब्यात लपवलेला असतो आणि चोरीचा आळ घरातल्यांवर येतो. चाळीस वर्षं ज्या देवळात गेल्या, तिथून परतताना घर सापडत नाही. मग घरात वाद. सून म्हणते, 'मुद्दाम करतात.' मुलगा म्हणतो, 'वय झालं.' कुणी सांगतं, 'बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या.'

मैत्रिणींनो, हे मुद्दाम नसतं, बाहेरचंही नसतं. हा मेंदूचा आजार आहे. याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर.

आता मेंदूत काय बिघडतं ते पाहू. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन घरांच्या मध्ये अरुंद बोळ असावा, तशी दोन पेशींच्या मध्ये फट असते. या जागेला सिनॅप्स म्हणतात. आपण तिला 'जोड' म्हणू. शेजारणी बोळ ओलांडून वाटीभर साखर देतात ना, तशी एक पेशी दुसरीला निरोप देते. निरोप म्हणजे एक रसायन. ते पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्यांमध्ये भरलेलं असतं. वेळ आली की पिशवी भिंतीला लागते, उघडते आणि रसायन फटीत सांडतं. पलीकडची पेशी ते झेलते.

हे काम कोण करतं? प्रथिनं. पिशवी भिंतीला लावणारी कडी प्रथिनाची असते, ती उघडणारा खटका प्रथिनाचा, आणि पलीकडे रसायन झेलणारे हातही प्रथिनाचेच. पेशीत या पिशव्यांची ने-आण कशी होते, हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपण नवीन काही शिकतो, तेव्हा हे जोड बळकट होतात, काही नवेही तयार होतात. आपली आठवण या जोडांमध्येच राहते.

प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर चालतं. घडी बरोबर बसली तर काम होतं. घडी चुकली तर ते दुसऱ्याला चिकटतं, तिसऱ्याला चिकटतं. साबुदाण्यात पाणी जास्त झालं की दाणा सुटा राहत नाही, गोळा होतो, तसंच. पेशी असा बिघडलेला माल साफ करत असते, पण वय वाढतं तशी ही झाडलोट कमी पडू शकते.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं बिघडतात. पहिलं अमायलॉइड. ते पेशींच्या बाहेर साठतं. त्याचे मोठे गोळे व्हायच्या आधीच, लहान लहान पुंजके जोडांना इजा करतात. दुसरं टाउ. पेशीच्या लांब फांदीतून जोडापर्यंत माल नेणाऱ्या वाटा असतात. टाउ त्या वाटा घट्ट धरून ठेवतं. ते बिघडलं की वाटेवरून सुटतं आणि सुतासारखा गुंता होतो. माल पोचत नाही, जोड सुकतात. कंपवातात तिसरंच एक प्रथिन साठतं, त्याचं नाव अल्फा सिन्युक्लिन.

अल्झायमर हे नाव एका जर्मन डॉक्टरांचं आहे. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांच्याकडे ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई आली. ती वस्तू लपवायची, नवऱ्यावर संशय घ्यायची. नवऱ्याचं नाव विचारलं तर स्वतःचंच नाव सांगायची. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा हे गोळे आणि हा गुंता दिसला. तिथल्या बाईचं वागणं आणि आपल्या सासूबाईंचं वागणं किती सारखं आहे बघा. हा स्वभावाचा दोष असता, तर देश आणि काळ ओलांडून इतका सारखा दिसला नसता.

पुढे १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूतले जोड मोजले. माणसाची बुद्धी किती गेली, याचा सगळ्यात जवळचा संबंध जोड किती गेले याच्याशी लागला. म्हणून आम्ही आज जोडाबद्दल एवढं बोललो.

नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग आधी बिघडतो. म्हणून जात्यावरच्या ओव्या पाठ म्हणता येतात, पण सकाळचं जेवण आठवत नाही. ती आठवण पुसली गेली असं नाही, ती बसलीच नाही. 'आत्ताच तर जेवलात!' असं ओरडून काय होणार? त्यांच्या लेखी त्या खरंच जेवलेल्या नसतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. प्रथिनं बिघडतात, मग डाळ, अंडी, शेंगदाणे बंद करायचे का? मुळीच नाही. खाल्लेलं प्रथिन पोटात मोडून त्याचे बारीक तुकडे होतात. मेंदूतलं प्रथिन पेशी स्वतः घडवते. म्हाताऱ्या माणसाला तर डाळ-अंड्याची गरज जास्त.

औषध आहे का? काही गोळ्या निरोपाचं रसायन फटीत जास्त वेळ टिकवतात. काहींना काही काळ थोडा फरक पडतो. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या टप्प्यातच देतात. आजाराची चाल थोडी मंदावते, पण गेलेलं परत येत नाही. शिवाय ते महाग आहे आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून कुणी 'आठवण परत आणणारी पावडर' विकायला आलं, तर दारातूनच परत पाठवा.

पण डॉक्टरकडे जरूर जा. विसरण्यामागे थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी किंवा एखाद्या गोळीचा परिणामही असू शकतो. त्यावर उपचार होतात.

आणि जोड आधीपासून सांभाळता येतात. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटानं १४ कारणं सांगितली. ती सगळी टाळली, तर जगातला जवळजवळ निम्मा स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. त्यात रक्तदाब, साखर, तंबाखूची विडी-सिगारेट, दारू, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा आणि लहानपणी शाळा न मिळणं हेही आहे. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांत साधारण सात जणांना हा आजार आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला. बायकांत तो पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही, त्यांच्यात जास्त. तेव्हा मुलीची शाळा सुटू न देणं हेसुद्धा तिच्या म्हातारपणाचं औषध आहे.

घरात असं माणूस असेल तर काय करायचं? वाद घालू नका. 'जेवलात' म्हणण्याऐवजी 'भाकरी होतेच आहे, तोवर थोडं ताक घ्या' म्हणा. वस्तूंच्या जागा बदलू नका. रोजचा क्रम एकच ठेवा. झेपेल ते काम हातात द्या, शेंगा फोडणं, लसूण सोलणं. गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवा. चूल, विहीर आणि औषधांवर लक्ष ठेवा.

आणि जी सून किंवा लेक हे सगळं करते, तिचं काय? रात्रीची झोप नाही, माहेरी जाणं नाही, वर चोरीचा आळ. तिला विचारणारं कुणी नसतं. म्हणून आमचं गटांना एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की विचारा, कुणाच्या घरी असं माणूस आहे? मग पाळी लावा. आठवड्यातून दोन तास एकीनं त्या घरी बसायचं, म्हणजे ती बाजारहाट करेल, नाहीतर नुसती झोपेल. आणि सासूबाई शेजारणीला 'सून उपाशी ठेवते' म्हणाल्या, तर गावभर करण्याआधी आजच्या या गप्पा आठवा.

वृद्धांसाठी सरकारची मदतवाहिनी आहे, नंबर १४५६७. सांभाळणाऱ्या बाईचं मन थकलं तर टेलिमानसला फोन करा, १४४१६. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

तब्येतीला जपा, एकमेकींनाही जपा.