ई-चा खण मोठा का?

(रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, तुम्ही रोज पेपरातली ती अक्षरांची कोडी सोडवता, त्यावर दहा मिनिटं बोला." दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे, एवढाच तो खेळ. पण माझं इंग्रजी नववीतच सुटलं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो, म्हणजे सुटलो.

मी छापखान्यात कंपोझिटर होतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही खिळे जुळवायचो. मराठीचा पसारा मोठा. मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळ्यांना वेगळे खण. इंग्रजीचं त्या मानाने सोपं, पण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. बी आणि डी, पी आणि क्यू यांनी सुरुवातीला मला रडवलं.

इंग्रजी केसमध्ये सगळ्यात मोठा खण ई-चा, आणि तोही हाताशी, मधोमध. क्यू, झेड बिचारे छोट्या खणात, कडेला. इंग्रजीत ई हे अक्षर सर्वांत जास्त लागतं, हे मला कोणी शिकवलं नाही, हातालाच कळलं. तारेच्या मोर्स लिपीतही ई-ला नुसता एक ठिपका आणि टी-ला एक रेघ आहे. जे वारंवार लागतं ते स्वस्तात, असा तो हिशोब.

अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाचा आर्किटेक्ट होता. १९३०च्या सुमाराच्या मंदीत त्याचं काम गेलं. त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली, कुठलं किती वेळा येतं ते मांडलं आणि त्यावर खेळ बसवला. १९४८ साली त्याला स्क्रॅबल हे नाव मिळालं. त्यात शंभर सोंगट्या. ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच, पण दहा-दहा गुणांचे. एस मात्र चारच. नाहीतर जो तो शब्दाला एस चिकटवून अनेकवचन करत सुटला असता! बट्सने जे मोजून काढलं, ते आमच्या केसमध्ये खणांच्या आकारातच होतं.

आता शब्द शोधायचे कसे? अक्षरांकडे नुसतं बघत बसू नये. आधी शेपटं बाजूला काढावीत. आय-एन-जी, ई-डी, ई-आर. मग डोकी, म्हणजे आर-ई, यू-एन. मग जोड्या. क्यू दिसला की यू शोधा, एच दिसला की शेजारी टी, एस किंवा सी बसवून बघा. उरलेली अक्षरं ओळीत न लिहिता गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द पुन्हा पुन्हा वाचतो.

एक उदाहरण घेऊ. एल, आय, एस, टी, ई, एन. कोण सांगतं? 'लिसन', बरोबर. अजून? 'सायलेंट'! बालसेनेने हा शब्द नुसता सांगू नये, पाळावाही. शिवाय 'एन्लिस्ट', 'इन्लेट्स' आणि 'टिन्सेल'. सहाच अक्षरांचे पाच शब्द झाले.

छापखान्यात छपाई झाली की खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. 'लिसन' मोडला काय आणि 'सायलेंट' मोडला काय, खणात पडणारे खिळे तेच. मोबाइल क्षणात शब्द काढून देतो ना, त्याच्या पोटातही हेच चालतं, असं बी विंगमधल्या इंजिनिअर मुलाने मला समजावलं. प्रत्येक शब्दाची अक्षरं ए, बी, सी अशा क्रमाने लावून ठेवायची. ज्यांची रांग सारखी, ते शब्द एका कुटुंबातले. मी म्हटलं, अरे, हे काम मी पगार घेऊन केलंय!

आपल्याकडे हा खेळ जुनाच आहे. वाल्या कोळी 'मरा मरा' म्हणत बसला आणि त्याचं 'राम राम' झालं, ती कथा दुसरं काय सांगते? फक्त आपण अक्षर मात्रेसकट उचलतो, इंग्रजीत स्वरही सुटा पडतो.

मघाशी 'टिन्सेल' म्हणालो. डीटीपी आलं, आमचा छापखाना बंद पडला, खिळे वजनावर विकले गेले. त्यानंतर इथे राहायला आलो. सुट्टीत मुलं खाली स्क्रॅबल खेळायची, मला चौथा गडी म्हणून बसवायची. एकदा मी 'टिन्सेल' लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सी विंगमधली एक चिमुरडी म्हणाली, "आजोबा, म्हणजे काय?"

मला माहीत नव्हतं. हा शब्द मी कधीतरी हाताने जुळवला होता, स्पेलिंग बिनचूक होतं, अर्थाचा पत्ता नाही. मुलं हसली नाहीत, पण मी घरी येऊन जेवलो नाही. इतकी वर्षं इंग्रजी मजकूर जुळवला, त्यातलं किती कळलं होतं मला? दुसऱ्या दिवशी फूटपाथवरून जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. टिन्सेल म्हणजे सजावटीच्या चकचकीत झिरमिळ्या. तेव्हापासून नियम केला, की कोड्यात सापडलेला शब्द कोशात बघितल्याशिवाय वहीत लिहायचा नाही. आता चौथी वही चालू आहे.

नंतर पेपरात वाचलं, न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नाही! शब्द पाठ केले, बस. वाचून मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. त्याला कोणी चिमुरडीने विचारलं असेल का?

गेल्या महिन्यात त्याच मुलीने मला आव्हान दिलं. आता ती कॉलेजात आहे. सी, ए, आर, ई, टी. तिने मोबाइलवर बघितलं. 'रिॲक्ट', 'ट्रेस', 'क्रेट', 'केटर' यांचे अर्थ तिने सांगितले. 'कॅरेट'पाशी अडली. म्हणाली, "सोन्याचं ना?" म्हटलं, नाही बाळा, सोन्याच्या कॅरेटचं स्पेलिंग वेगळं. प्रूफ तपासताना शब्द राहून गेला असेल, तर ओळीखाली छपरासारखी खूण करतात, ती ही. मूळ लॅटिन आहे, 'उणं आहे' अशा अर्थाचं. अशा खुणा बघून मी किती ओळी पुन्हा जुळवल्यात!

तिने ती खूण माझ्याकडून काढून घेतली आणि वहीत शब्द स्वतः लिहिला.

चहा आलेला दिसतोय. जाता जाता सात अक्षरं देतो. ए, ई, आय, एन, आर, एस, टी. सातही वापरून निदान तीन शब्द होतात. उत्तरं अर्थासकट माझ्याकडे आणून द्या, ए विंग, पहिला मजला. मोबाइल चालेल.