तारीख माहीत असलेला प्रवासी

(केशोरी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण मला अर्थशास्त्रावर बोलायला बोलावले आहे. पण इथवर येताना जे घडले ते बाजूला ठेवून बोलणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मी कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालो. रात्री दौंडला एक बाई दोन पोरे आणि एक बोचके घेऊन आमच्या आरक्षित डब्यात चढली व माझ्या बाकाच्या कडेला टेकली. ‘ही जागा राखीव आहे,’ एवढेच मी म्हणालो. आवाज चढवला नाही. त्याची गरजच नव्हती. तिने पोरांना उठवले आणि ती दाराशी जाऊन बसली. नियम माझ्या बाजूने होता. आयुष्यभर वर्गात विषमता शिकवलेल्या माणसाला त्यानंतर शांत झोप लागली, हे सांगताना मला लाज वाटते.

ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा निषेधाच्या निवेदनावर मीही सही केली होती. ती मागणी आजही मला रास्त वाटते. पण तिकिटावर रेल्वेने एक हिशेब छापला होता, तो आठवा : प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, उरलेले ४३ टक्के देशातील सामान्य नागरिक सोसतात. हा सामान्य नागरिक कोण? प्रवासी वाहतुकीतली तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढली जाते. म्हणजे जो कधी गाडीत बसला नाही, तोही धान्य, सिमेंट, कोळसा यांच्या किमतीतून माझ्या बर्थचा वाटा उचलतो. शिवाय भाड्याचा हिशेब माणशी, किलोमीटरमागे होतो. जनरल डब्यातल्या माणसाला टेकायला जागा मिळाली की तो रात्रभर एका पायावर उभा राहिला, याला त्या हिशेबात रकानाच नाही.

तिसरा वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला. पुढे प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोम घातला आणि डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. तीत वरचा वर्गच नव्हता. ती आपल्या गोंदियावरूनच जाते. आज मात्र तिला वातानुकूलित डबे आहेत. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. वर्ग मिटवण्याची सुरुवात झाली, असे आम्हांला वाटले. त्या गाडीतही आरक्षण होतेच, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आरक्षण आज दोन महिने आधी करता येते. आपण कोणत्या दिवशी कुठे जाणार हे इतके आधी ज्याला ठाऊक असते, तो माणूस कोण, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

काल सकाळी गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीने अर्जुनीला येताना डबा खच्चून भरलेला होता. एका बाईने आपले बोचके मांडीवर घेतले आणि म्हणाली, ‘बाबाजी, इथं बसा.’ धानाची कापणी-मळणी आटोपली, आता तेलंगणात मिरची तोडायला निघालो, असे ती सांगत होती. केशोरीच्या मिरचीचे नाव सर्वत्र आहे, तरी या मुलखातली माणसे मिरची तोडायला परमुलखात जातात. हे मी आपल्याला सांगायला नको. निघायचे कधी ठरले, असे मी विचारले. आदल्या दिवशी दिवेलागणीला मुकादमाचा निरोप आला होता. परत कधी येणार? यावर ती नुसती हसली. तोडणी संपेल तेव्हा.

८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून पायी निघाले होते, भुसावळला गावाकडची गाडी मिळेल या आशेने. दौंडच्या त्या बाईला मी हुसकल्यावर काही तासांनी माझी गाडी त्याच भुसावळला थांबली होती. मी फलाटावर उतरून चहा घेतला.

अर्जुनीला उतरताना त्या बाईने माझी पिशवी खिडकीतून हातात दिली. माझे परतीचे तिकीट महिन्यापूर्वीच काढलेले आहे. खालचा बर्थ, खिडकीकडचा.