भातसाचं पाणी, शहापूरची तहान

१९७३ साली जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेनं मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी सवलतीचं कर्ज दिलं. भातसा धरणाचं पाणी मुंबईला आणण्याच्या कामाला त्याचा मोठा हातभार लागला. ते पैसे वाया गेले नाहीत. पिसे-पांजरापूरमार्गे हे पाणी आजही महानगराची तहान भागवतं. पण हे धरण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातलं, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहणारे पाडेही तिथलेच. टँकर कोरड्या विहिरीत रिता होतो, मग काठावर दाटीवाटीनं उभ्या बायका दोर सोडून गढूळ पाणी हंड्यात भरतात. शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवरही हेच हाल. मदत सार्थकी लागली का, हे फक्त मुंबईच्या नळावरून ठरवू नये. यापुढे धरणासाठी कर्ज घेताना जवळच्या पाड्यांची नळयोजना करारात आधी लिहावी.