ध्वनिवर्धकाची त्वरा



जुहूच्या पृथ्वी थिएटरात (ते उघडले १९७८ साली) प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. तबल्याची थाप तेथे जवळून ऐकावी. घरच्या ध्वनिवर्धकातून तीच थाप बोथट आली, तर आपण वॉट मोजू लागतो. पण वॉट पुरेसे असूनही त्वरा अपुरी असू शकते. हिलाच स्लू रेट म्हणतात.

ट्रान्झिस्टरचे मंडल स्थिर राहावे म्हणून त्यात एक छोटा कंडेन्सर घालतात. त्याला भरणारा प्रवाह मर्यादित असतो. चाळीतल्या नळाची धार ठरलेली. तुम्ही कितीही घाई करा, घागर आपल्याच वेळाने भरणार! १९६८ साली निघालेल्या ‘७४१’ या एकात्मिक मंडलात कंडेन्सर ३० पिकोफॅरडचा, प्रवाह सुमारे १५ मायक्रोअँपिअर. म्हणून विद्युद्दाब मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्टच चढतो. १० व्होल्ट शिखराची लहर सेकंदाला ८,००० आवर्तनांपलीकडे गेली की त्रिकोणी होऊ लागते. ८ ओहमच्या कर्ण्यावर ५० वॉट, तेही २०,००० आवर्तनांना, हवे असतील तर साडेतीन व्होल्टांची त्वरा लागते.

कंडेन्सर नुसता लहान केला तर मंडल आपणच आंदोलू लागते. म्हणून आधी पहिल्या जोडीच्या एमिटरांत रोध घालून तिचे वर्धन उतरवावे. मग लहान कंडेन्सर चालतो. थोडी खरखर वाढते, ती सोसावी. जाहिरातींतल्या शंभर व्होल्टांचे मात्र आम्हांस अगत्य नाही. संगीतातले अतितीव्र स्वर पूर्ण जोरात क्वचितच येतात. घरात दहा-वीस पुष्कळ झाले.