जोड्यांचे शहर आणि त्याचे मुष्टियोद्धे



अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन नावाचे लहानसे शहर आहे. एके काळी ते जोडे शिवून पोट भरी. १९२३ साली जन्मलेला रॉकी मार्सियानो इथलाच. बाप जोड्यांच्या कारखान्यात कामगार. पोराने १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत लोळवून जगज्जेतेपद मिळवले आणि १९५६ साली, ४९ लढतींत एकदाही न हरता, तो निवृत्त झाला. पुढे मार्विन हॅगलर. न्यूअर्कमधील १९६७ च्या दंगलीनंतर त्याच्या आईने बिऱ्हाड ब्रॉक्टनला हलवले. पेट्रोनेली बंधूंच्या तालमीत तो घडला आणि १९८० ते १९८७ पर्यंत जगज्जेता राहिला.

४९ हा आकडा शौकिनांना पाठ असतो. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना त्याच शहराचा दुसरा आकडा आठवतो : ५८. २० मार्च १९०५ रोजी ग्रोव्हरच्या जोड्यांच्या कारखान्यात बॉयलर फुटला, इमारत कोसळून पेटली, ५८ जण दगावले. त्यानंतर १९०७ साली त्या राज्यात बॉयलरचा कायदा झाला.

हालातूनच वीर निपजतात, असे कोणी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. हाल तर सगळ्याच घरांच्या वाट्याला होते. तालीम आणि वस्ताद थोड्यांनाच लाभले. म्हणून आमची मागणी साधी आहे : पाळी सुटल्यावर अंगात थोडे बळ उरावे, आणि ते खर्चायला वस्तीत एक तालीम असावी.